बेटावरच्या लोकांना सागरी शास्त्रज्ञ म्हणून घडवताना: पहिल्या बैठकीपासून तिसऱ्या वर्षापर्यंत

आमच्या पहिल्या प्रशिक्षणात आम्ही सहा दिवसांत बेटावरच्या मुलामुलींना प्रवाळांच्या चोवीस प्रजाती शिकवल्या, प्रमाणपत्रं वाटली, एकत्र फोटो काढला आणि परतलो. आठ महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा आम्ही मागे ठेवलेली मोजपट्टी प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरही निघालेली नव्हती. मुलं हुशार होती, समुद्र त्यांच्या दारात होता. पण त्या मोजणीतून बेटाला काय कळणार, ती कुणासाठी करायची आणि दिवसभर पाण्यात घालवल्यावर त्या दिवसाच्या रोजगाराचं काय, यातलं काहीच आम्ही ठरवलं नव्हतं. त्यानंतरच्या वर्षांत जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो आहे. तुम्ही एखाद्या संस्थेतर्फे जाणार असाल, विद्यापीठात संशोधन करत असाल किंवा स्वतः बेटावरचे रहिवासी असाल, तिघांनाही याचा उपयोग होईल.

एक शब्द आधीच स्पष्ट करतो. मी ‘स्थानिक मदतनीस’ म्हणत नाही, ‘स्थानिक शास्त्रज्ञ’ म्हणतो, आणि ते मनापासून. प्रश्न विचारणं, ठरलेल्या पद्धतीने मोजणं, आकड्यांतून जेवढं निघतं तेवढंच म्हणणं, हे जो करतो तो शास्त्रज्ञ. पदवी नंतरही मिळवता येते.

१. मोजपट्टी उघडण्याआधी प्रश्न ठरवा

प्रश्न बेटाचा असला पाहिजे. फिजीमधल्या उदुनिवानुआ या गावात खाण्याचे शिंपले मिळेनासे झाले होते. १९९७ मध्ये गावाने किनाऱ्यालगतचं २४ हेक्टर क्षेत्र तीन वर्षं बंद ठेवायचं ठरवलं. साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञांनी गावातल्या वीस स्त्री-पुरुषांना दोरी लावून शिंपले मोजायला आणि त्या आकड्यांचा साधा हिशेब मांडायला शिकवलं. २००४ पर्यंत बंद क्षेत्रात शिंपले १३ पटींनी आणि शेजारच्या खुल्या क्षेत्रात ५ पटींनी वाढल्याचं त्याच लोकांनी मोजून दाखवलं. तिथे मोजणी टिकली, कारण शिंपले परत येताहेत का हे जाणून घ्यायची घाई गावालाच होती.

प्रश्न शोधायला प्रश्नावली वाटू नका. वाळूवर काठीने बेटाची आकृती काढा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा, ‘तुमच्या लहानपणी कुठे काय मिळायचं जे आता मिळत नाही?’ हातातली काठी त्यांच्याकडे द्या आणि गप्प बसा.

बायकांची बैठक वेगळी घ्या, आणि त्यांना सवड असेल त्या वेळी घ्या. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरून शिंपले, खेकडे, ऑक्टोपस गोळा करणं हे पुष्कळ बेटांवर बायकांचं काम असतं. म्हणजे उथळ भागाचं ज्ञान त्यांच्याकडे. आमच्या पहिल्या सभेत फक्त होडीवाले पुरुष बोलले आणि आम्ही बाहेरच्या खडकावरच्या मोठ्या माशांचा प्रश्न घेऊन बसलो. खरी घट उथळ पाण्यात होती हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

आणि पहिला प्रश्न असा निवडा, ज्याचं उत्तर लवकर मिळेल. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आंदावादुआका गावाने २००४ मध्ये ऑक्टोपस पकडण्याची एक जागा काही महिन्यांपुरती बंद ठेवली. ऑक्टोपसचं आयुष्य जेमतेम दीडेक वर्षाचं आणि वाढ भराभर, त्यामुळे जागा पुन्हा उघडली तेव्हा फरक लोकांच्या हातातच आला. पुढे आजूबाजूच्या गावांनी मिळून वेलोंद्रिआके हे स्वतः सांभाळलेलं सागरी क्षेत्र उभं केलं. मोठ्या हेकरूसारख्या माशाला वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात. सुरुवात त्याच्यापासून केलीत, तर पहिला आकडा हाती येईपर्यंत माणसं पांगलेली असतात.

२. परवानग्या आणि कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं असलं तरी आधी संपवा. आमच्याकडची यादी अशी:

- गावसभेची किंवा पारंपरिक प्रमुखांची लेखी संमती, सभेतल्या सर्वांना समजेल अशा भाषेत
- मत्स्य, वन किंवा पर्यावरण खात्याची संशोधन परवानगी. संरक्षित क्षेत्र असेल तर त्याची वेगळी
- आकडे, फोटो आणि पारंपरिक माहिती कुणाच्या मालकीची राहील याचा करार
- प्रत्येक प्रशिक्षणार्थीचं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि विमा
- अठरा वर्षांखालील मुलं असतील तर पालकांची संमती
- होडीची नोंदणी आणि माणसागणिक लाईफ जॅकेट
- मानधनाची नोंदवही, सह्यांसकट

यात दोन फसगती होतात. पहिली: संमती एका गावाची घेतली जाते आणि जिथे मोजणी करायची तो खडक रिवाजाने दुसऱ्याच गावाचा किंवा कुळाचा असतो. काठीने काढलेल्या त्या आकृतीवरच हे विचारून घ्या. दुसरी फसगत नमुन्यांची. कठीण प्रवाळांच्या सर्व प्रजाती आणि राक्षसी शिंपले साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जनुकीय अभ्यास करायचा तर जनुकीय साधनांच्या वापराचे आणि लाभवाटपाचे नियम घालणारा २०१० चा नागोया करारही पाहावा लागतो. नवख्या गटाला माझा सल्ला एकच, पहिली दोन वर्षं काहीही गोळा करू नका. मोजा, फोटो काढा, जागच्या जागी ठेवा.

३. सहा माणसं निवडा, तीस नव्हे

देणगीदारांना मोठा आकडा आवडतो. त्यांना समजावून सांगा. सहा जण तीन वर्षं टिकले तर बेटाकडे सलग नोंदी राहतील. तीस जणांनी एक आठवडा केलेल्या कामाची तुलना पुढे कशाशीच करता येत नाही.

इंग्रजी येणारी, शाळेत पहिली येणारी मुलं घेण्याचा मोह आवरा. तीच सर्वांत आधी शिक्षणासाठी बेट सोडतात, आणि त्यांनी सोडावंही. गटात निदान एक रोज मासेमारी करणारा, ओहोटीला खडकावर जाणाऱ्या दोन बायका, एक शिक्षक किंवा शिक्षिका आणि दोन तरुण असावेत. सगळे प्रमुखाच्याच घरातले निघाले तर बाकीचं गाव त्या आकड्यांवर विश्वास ठेवणार नाही.

प्रत्येक कामाला दोन माणसं तयार करा. होडी चालवणारा एकच, संगणकावर नोंदी भरणारी एकच, अशी रचना एका लग्नाने किंवा एका नोकरीने कोसळते.

मानधनाबद्दल मी आग्रही आहे. बाहेरून आलेल्या संशोधकाला पगार आणि बेटावरच्या माणसाला टोपी आणि टी-शर्ट, हे चालणार नाही. मासेमारीचा दिवस बुडतो, त्या दिवसाची किमान भरपाई झालीच पाहिजे, आणि ती काम झाल्याच्या दिवशी.

४. नावं त्यांच्याकडून घ्या

पलाऊमध्ये १९७० च्या दशकात रॉबर्ट जोहान्स हे जीवशास्त्रज्ञ कोळ्यांबरोबर राहिले. कोणता मासा कोणत्या महिन्यात, चंद्राच्या कोणत्या तिथीला, कुठे जमून अंडी घालतो हे कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, आणि त्यातलं बरंचसं तोवर शास्त्राच्या पुस्तकांत आलेलंच नव्हतं. म्हणून पहिला आठवडा शिकवू नका, लिहून घ्या.

फोटो-कार्डं छापून घ्या. एकेक कार्ड पुढे ठेवून नाव विचारा आणि त्याच्या मागे पेन्सिलीने लिहा. इथे गंमत दिसते. एकाच माशाला लहान असताना एक नाव असतं आणि मोठा झाल्यावर दुसरं, आणि कधीकधी पाच वेगवेगळ्या प्रजातींना मिळून एकच नाव. नोंदीचे तक्ते बनवताना या नावांना बाजूला सारू नका, स्थानिक नाव पहिल्या रकान्यात आणि शास्त्रीय नाव दुसऱ्या. प्रवाळांच्या बाबतीत मात्र सुरुवातीला प्रजातींच्या भानगडीत पडूच नका. कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतंच मेलेलं प्रवाळ, शैवाल, खडक, तुटक्या प्रवाळाचे सुटे तुकडे, वाळू असे गट पुरतात. त्या चोवीस प्रजाती शिकवण्यात आमचे सहा दिवस गेले, ते असे वाचले असते.

५. पाण्यात उतरण्याआधीची सुरक्षितता

बेटावरचा माणूस पोहण्यात तुमच्यापेक्षा तरबेज असतो, आणि धोका तिथेच आहे. श्वास रोखून खोल जाणारे लोक डुबकीआधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची ओढ उशिरा लागते आणि वर येताना शुद्ध हरपू शकते. हे सगळ्यांना कारणासकट समजावून सांगा, आणि नियम एकच ठेवा: एक खाली, एक वर, वरच्याची नजर खालच्यावर.

शक्य तेवढं काम स्नॉर्केलवर किंवा ओहोटीला चालत करा. टाकी लावून डायव्हिंग करायचंच असेल तर मान्यताप्राप्त प्रशिक्षण, प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आणि दाबकक्ष (डायव्हिंगमुळे होणाऱ्या आजारावर उपचार करायची खोली) असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय किती तासांवर आहे, हे लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. सलग काही दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबावं. बाहेरून आलेले प्रशिक्षक परतीच्या घाईत हाच नियम मोडतात.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक भिंतीवर लावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी मोजणी ठेवू नका.

६. साहित्य

मास्क, स्नॉर्केल, फिन्स. ५० मीटरच्या फायबरच्या दोन मोजपट्ट्या (स्टीलच्या खाऱ्या पाण्यात गंजतात). पाण्याखाली लिहायच्या पाट्या, दोरीने बांधलेल्या साध्या पेन्सिली आणि सुटे तुकडे. प्लंबिंगच्या पाइपांचे ५० सेंटिमीटर बाजूचे चौकोन, भोकं पाडलेले म्हणजे बुडतात. ओळंबा. जीपीएस किंवा जीपीएस असलेला फोन, जलरोधक पिशवीत. एक तापमान-नोंदक यंत्र, परवडलं तर दोन. याहून महाग काही घेऊ नका. जे बेटावर दुरुस्त होत नाही ते पहिल्या पावसाळ्यानंतर कपाटात जातं.

७. एक पद्धत, आणि ती पक्की

नवीन पद्धत शोधू नका. जगभर वापरातल्या तीन सोप्या पद्धती आहेत.

समुद्रगवत असेल तर सीग्रास-वॉचची पद्धत घ्या. एकमेकींपासून २५ मीटरवर ५० मीटरच्या तीन रेषा, प्रत्येक रेषेवर शून्यापासून दर ५ मीटरला एक चौकोन, म्हणजे रेषेला ११, असे एकूण ३३ चौकोन. ओहोटीला चालत होतं, कुणी बुडायची भीती नाही. माझ्या मते शिकायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

प्रवाळांचा रंग पाहायला क्वीन्सलंड विद्यापीठातून निघालेला कोरलवॉचचा रंगतक्ता आहे. १ ते ६ अशा छटा, प्रत्येक प्रवाळावरची सर्वांत फिकी आणि सर्वांत गडद छटा नोंदवायची. फांद्यांच्या वाढत्या टोकांची छटा धरू नका, ती निरोगी प्रवाळातही फिकीच असतात.

खडकावरच्या आच्छादनासाठी आणि माशांसाठी रीफ चेक. ही पद्धत १९९० च्या दशकात स्वयंसेवकांसाठीच तयार झाली. १०० मीटरच्या रेषेवर २० मीटरचे चार तुकडे, मध्ये ५-५ मीटरचं अंतर. दर अर्ध्या मीटरला पट्टीखाली काय आहे ते लिहायचं, म्हणजे एका तुकड्यात ४० आणि एकूण १६० नोंदी.

इथे ओळंब्याचं महत्त्व कळतं. पट्टी खडकाच्या उंचवट्यांवर ताणलेली असते, खाली कुठे वीतभर तर कुठे हातभर पोकळी. नवखा माणूस वरून तिरपा बघतो, बाजूला एक देखणं प्रवाळ दिसतं आणि तेच लिहितो. नजर नेहमी सुंदर गोष्टीकडे ओढली जाते, आणि बेट आहे त्याहून निरोगी दिसायला लागतं. म्हणून अर्ध्या मीटरच्या खुणेवरून ओळंबा सोडायचा, शिसं ज्याला टेकेल ते लिहायचं. वाळूला टेकलं तर वाळू. आमच्या गटातल्या एका आजींनी हे सगळ्यांच्या आधी आत्मसात केलं. पाण्यात तोंड घालून त्या शिसं स्थिर व्हायची वाट बघायच्या, आणि तोवर कुणी घाई केली तर नुसता हात वर करायच्या.

माशांची लांबी अंदाजायला वेगळा सराव लागतो. मास्कमधून वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात. प्लायवूडचे मासे कापा, १० ते ६० सेंटिमीटरचे, मागे लांबी लिहा, वजन बांधून पाण्यात ठेवा. प्रत्येकाने पोहत जाऊन अंदाज लिहायचा आणि बाहेर आल्यावर ताडून बघायचा. अंदाज ५ सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत खऱ्या माशांच्या मोजणीला उतरवू नका. हा सराव दर हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा करा, जुन्या माणसांकडूनही.

पांढऱ्या प्रवाळाबद्दल गफलत सर्वांत जास्त होते. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. विरंजन झालेल्या, म्हणजे तापलेल्या पाण्याने रंग उडालेल्या प्रवाळात जीव असतो, पारदर्शक झालेल्या कातडीतून आतला सांगाडा दिसतो, एवढंच. काटेरी मुकुटाचा तारामासा प्रवाळ खातो तेव्हाही पांढरा डाग उरतो, पण त्याची कड स्पष्ट असते आणि बहुतेक वेळा तो मासा जवळच दडलेला सापडतो. मेलेल्या सांगाड्यावर थोड्याच दिवसांत शैवालाचा हिरवट-तपकिरी थर चढतो. तिन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावा.

८. नोंदी त्याच संध्याकाळी

पाटीवरचं कागदावर, कागदावरचं संगणकावर, पाटीचा फोटो वेगळा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही.

‘शून्य’ आणि ‘रिकामं’ यातला फरक पहिल्याच दिवशी शिकवा. समुद्रकाकड्या (तळावर राहणारे काकडीच्या आकाराचे प्राणी) शोधल्या आणि सापडल्या नाहीत तर शून्य. शोधल्याच नाहीत तर रेघ. आमच्याकडे एका पूर्ण वर्षाच्या तक्त्यांत रकाने कोरे होते आणि ते कोरेपण कशाचं हे कुणालाच सांगता येईना. ते वर्ष आम्हाला सोडून द्यावं लागलं.

दोन जणांनी एकच रेषा वेगवेगळी मोजायची आणि संध्याकाळी समोरासमोर बसून फरक काढायचा. भांडण होऊ द्या, पण माणसाविषयी नको, शिसं कशाला टेकलं याविषयी.

मूळ प्रत बेटावर राहिली पाहिजे. मासे जमून अंडी घालतात त्या जागा, दुर्मीळ शिंपल्यांच्या जागा सार्वजनिक नकाशावर टाकू नका. त्या जाहीर झाल्या की बाहेरच्या होड्या येतात. माहितीवरचा अधिकार समाजाचा, हे मूळनिवासींच्या माहितीसाठी मांडलेल्या केअर तत्त्वांतही आहे. करारात ते शब्दशः घाला.

९. निष्कर्ष गावासमोर, आणि त्यांच्याच तोंडून

अहवाल पाठवणं म्हणजे निष्कर्ष सांगणं नव्हे. सभेत गटातल्या माणसाने उभं राहून सांगायचं. स्तंभालेख नको असेल तर शिंपल्यांचे ढीग मांडा, गेल्या वर्षीचा एक, यंदाचा एक. वाईट बातमीही सांगा. बंद ठेवलेल्या जागेत वाढ दिसली नाही तर तेही मोकळेपणाने.

हे का महत्त्वाचं, ते फिलिपिन्समधल्या दोन बेटांवरून दिसतं. सुमिलोन बेटाच्या खडकाचा सुमारे चतुर्थांश भाग १९७४ पासून राखीव होता. १९८४ मध्ये ते संरक्षण कोलमडलं, राखीव भागात मासेमारी सुरू झाली आणि बेटाभोवतीचं एकूण उत्पन्न वाढण्याऐवजी घटलं. फिलिपिन्समधल्याच सिलिमान विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ आंखेल अल्काला यांनी आपो बेटावर लोकांबरोबर बसून काम केलं आणि १९८२ मध्ये तिथल्या लोकांनी स्वतः राखीव क्षेत्र ठरवलं. ते पुढची कित्येक वर्षं त्यांनीच राखलं. मोजणी दोन्हीकडे उत्तम होती. आपोला राखणारी माणसं बेटावरचीच होती.

समुद्र तापल्याचे इशारे गटाला स्वतः वाचता आले पाहिजेत. नोआ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेच्या कोरल रीफ वॉचच्या नकाशावर उष्णतेचा साठा ‘अंश-आठवडे’ या एककात मिळतो, म्हणजे पाणी किती अंशांनी जास्त तापलं आणि किती आठवडे, यांचा एकत्रित आकडा. ४ च्या पुढे लक्षणीय विरंजन, ८ च्या पुढे तीव्र विरंजन आणि मृत्यू, असा ढोबळ संकेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये चौथं जागतिक विरंजन जाहीर झालं. त्या वर्षी आमच्या गटाने इशारा बघून आमची वाट न पाहता रंगतक्ता घेऊन पाणी गाठलं, आणि आम्ही पोचलो तेव्हा पाच आठवड्यांच्या नोंदी तयार होत्या.

१०. दुसरं आणि तिसरं वर्ष

पहिल्या वर्षी तुम्ही मोजा, ते बघतील. दुसऱ्या वर्षी ते मोजतील, तुम्ही बघा. तिसऱ्या वर्षी तुम्ही एका हंगामाला जाऊच नका. त्या हंगामाच्या नोंदींत काय बिघडलं त्यावरून पुढचं प्रशिक्षण ठरवा.

श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस ‘पॅराशूट विज्ञान’ या प्रकाराबद्दल सतत बोलत आल्या आहेत: बाहेरून येणं, माहिती घेणं, निघून जाणं, मागे काहीच न उरणं. ते टाळायचं तर शोधनिबंधावर गटातल्या लोकांची नावं लेखक म्हणून हवीत, आभारात नव्हे. ज्याला पुढे शिकायचं आहे त्याची शिष्यवृत्ती शोधायला मदत करा, आणि परतल्यावर त्याला बेटावर पगाराचं पद मिळेल का, हे मत्स्य खात्याशी तो जाण्याआधीच बोला. शिकून आलेल्याला काम नसेल तर तो मुख्य भूमीवर राहील, त्यात त्याचा दोष नाही.

हस्तांतराच्या दिवशी पुढल्या गोष्टी लेखी द्या: साहित्याची यादी आणि पेटीची किल्ली, खात्यांचे पासवर्ड, रेषांच्या दोन्ही टोकांचे जीपीएस अंक आणि किनाऱ्यावरून ओळखायच्या खुणा, परवानग्या संपण्याच्या तारखा, पुढच्या दोन हंगामांच्या मानधनाची तरतूद. टोकांच्या खुणा होडीत बसून एकदा सर्वांनी मिळून तपासा. आमच्या तिसऱ्या रेषेची एक खूण वादळात पडलेलं झाड होती, आणि ती बदलायला हवी हे त्या आजींनीच सांगितलं.